गॅलरीखालचा महादू

महादू परबाला कुणी नुसते ‘सरळ उभा राहा’ म्हटले, तर तो उभा राहत नसे. आधी विचारी, ‘कोण म्हणून?’

मालवणच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या मुलीलाही त्याने हेच विचारले होते. ती बिचारी घाटावरची, तिला काही उमगेना. तेव्हा महादूने उघड्या अंगाने तिला तिथल्या तिथे करून दाखवले. राजा सरळ उभा राहतो तो हनुवटीने. राक्षस सरळ उभा राहतो तो पोटाने. आणि राजवाड्याचा पहारेकरी सरळ उभा राहतो तो नुसत्या भाल्याच्या आधाराने, कारण आतला माणूस पेंगत असतो. "आता सांग बाय, तुझ्या मशीनाक कोण व्हयो?" बाहेर बाकावर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून दारात जमले. मशीनला कोण हवे होते ते शेवटपर्यंत कळले नाही. फोटोत आला तो मात्र राक्षसाचा उजवा खांदा, आणि तो पार आखडून गेला होता.

महादू आचऱ्याचा, खाडीकडच्या वाडीतला. मिसरूड फुटायच्या आत तो दशावतारी कंपनीत शिरला, आणि हा राक्षसाच्या कामांसाठीच जन्माला आला आहे असे पहिल्याच जत्रेत सगळ्यांनी ठरवून टाकले. उंची, छाती, आवाज, डोळे, सगळे देवाने सढळ हाताने दिलेले. तेव्हा कंपनीकडे टेम्पो नव्हता. एका गावची जत्रा आटोपली की सामानाचे पेटारे डोक्यावर घ्यायचे आणि कातळाचे उघडे सडे तुडवीत पुढचे गाव गाठायचे. सगळ्यांत जड पेटारा महादूच्या डोक्यावर असे. त्याखाली चुंबळ, जुन्या लुगड्याची, मऊ झालेली. रात्रभर ज्याने त्रिभुवन हादरवले तो सकाळी मान ताठ धरून पाऊलवाटेने चाललेला दिसे.

पुढे टेम्पो आला, पेटारे खाली उतरले. महादू मात्र ठरल्याप्रमाणे मरत राहिला. कधी नरसिंहाच्या मांडीवर, कधी भीमाच्या मिठीत, कधी देवीच्या पायाखाली. मरावे तर त्याने. म्हाताऱ्या बायका पेंगणाऱ्या नातवंडांना हलवून उठवीत, "उठ रे झिला, म्हादू मरता!"

आणि एका वर्षी मिठबावच्या जत्रेत, ऐन युद्धाच्या नाचात, त्याचा उजवा हात खांद्याशी येऊन थांबला तो वर जाईना. तलवार गळून पडली. लोक हसले असते तर त्याने सावरून घेतले असते. लोक हसले नाहीत, हेच त्याला लागले.

कंपनीचे मालक भाई, कट्टा गावचे. माणूस वाईट नव्हे, पण कंपनी चालवायची म्हणजे मन घट्ट करावे लागते. ते म्हणाले, "म्हादू, राक्षस झालो तरी तेका झुंजाक व्हया. हात वर जायत तेव्हा ये. तुझी जागा खंय जावची नाय." जागा गेली नाही, पण त्या जागेवर सुदेश आला. महादूनेच तयार केलेला, तरणाबांड, चक्रीसारखा फिरणारा. दोन हंगाम महादू घरी बसला. तेल झाले, शेक झाला, डॉक्टर झाले. हात छातीपर्यंत येई आणि मुजरा केल्यासारखा खाली जाई. कार्तिकात कंपनीचा टेम्पो वाडीवरून जाऊ लागला की तो घरामागे माडांना आळी करीत असल्याचे सोंग करी. त्याची बायको सुशीला ते सोंग ओळखून त्या वेळी त्याला हाक मारीत नसे. येत्या कार्तिकात आपण त्या टेम्पोत असावे, एवढे एकच त्याला हवे होते.

हे चालले असताना, दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, रोनाल्ड बोटीवरची नोकरी संपवून कायमचा गावी आला. रोनाल्ड आणि महादू शाळेत एका बाकावरचे. रोनाल्डने नवे घर बांधायला काढले होते, आणि घरात एक अडचण निघाली होती.

महादू सहज बघायला गेला तर रोनाल्ड आणि सोकोरो मेस्त्री वाळूच्या ढिगाशेजारी उभे राहून एका फोटोवरून भांडत होते. सोकोरो सिमेंटच्या नक्षीतला नावाजलेला माणूस. मालवणपासून देवगडपर्यंत किती तरी फाटकांवरचे सिंह त्याचे. फोटोत एक जुनी भव्य इमारत होती. तिच्या दारावर गॅलरी, आणि त्या गॅलरीखाली दोन उघडेबंब दगडी पुरुष, माना वाकवून, दंडाच्या शिरा फुगवून सगळा भार पाठीवर घेतलेले.

"ह्यां काय रे?" महादूने विचारले. "कुस्ती चल्लीहा?"

"इटलीतल्या एका बंदरातला घर," रोनाल्ड म्हणाला. "बोट लागली की मी हेच्या समोरसून जाय. हे माका बघीत, मी तेंका बघी. थंय हेंका ॲटलांटे म्हणतत. आपण कसा खांब म्हणतो, तुळई म्हणतो, तसाच तां घराच्या एका भागाचा नाव. खांबाच्या जाग्यार भार घेवन उभो रवलेलो माणूस. ॲटलस नावाचो एक होतो, तेच्यावरसून नाव पडला."

"ॲटलस? सायकलवालो?" सोकोरोने माडाला टेकवलेल्या आपल्या सायकलीकडे बोट केले.

"तोच. सायकलीर येवच्या आधी तो ग्रीक लोकांच्या पुराणात होतो. माका माझ्या गॅलरीखाली असले दोन व्हये, तर हो मेस्त्री म्हणता जमाचा नाय."

"बाबा, सिंव्ह मी करतंय," सोकोरो कळवळून म्हणाला. "सिंव्ह मी कधी बघूक नाय, पण लोकांनीय बघूक नाय, म्हणान चलता. माणूस सगळ्यांनी बघलेलो आसा! समोर कोण तरी उभो करा, मगे करतंय." आणि बोलता बोलता त्याची नजर महादूच्या छातीवर स्थिरावली. "म्हादू, तू रव उभो."

"कोण म्हणान?"

झाले. रोनाल्डला वाळूवर बसून सांगावे लागले. ॲटलस हा दैत्यांतला एक. दैत्यांची आणि देवांची मोठी लढाई झाली. दैत्य हरले. देवांनी ॲटलसला पृथ्वीच्या टोकाला नेऊन उभे केले आणि त्याच्या खांद्यावर आभाळ ठेवले. हे धर, म्हणाले.

"आणि मगे?"

"मगे काय? धरून उभो आसा."

"मारूक नाय तेका?"

"नाय."

"कोणीच?" महादू उकिडवा होऊन त्याच्या समोर बसला. "मेल्या, हरलेलो राक्षस जितो सोडलो? खंयच्या देवांनी?"

रोनाल्डला त्यात विशेष काही वाटले नाही. पण महादूला त्या दुपारी जेवण गोड लागेना. त्याच्या पुराणात राक्षस माजतो, झुंजतो, मरतो, आणि गोष्ट मिटते. मेलेल्याला पुढचे काही बघावे लागत नाही. हा कसला राक्षस, ज्याचे युद्ध संपले, रणवाद्ये थांबली, प्रेक्षक घरी गेले, आणि हा आपला उभाच? उभा राहून दिवसभर कसला विचार करीत असेल? त्याला कोल्हापूरकडची जुनी देवळे आठवली. कंपनी एकदा तिकडे गेली होती. खांबाच्या माथ्यावर, तुळईच्या खाली, गुडघे दुमडून बसलेले बुटके, पोट सुटलेले भारवाहक. तिथल्या गुरवाने सांगितले होते, ह्यांना कीचक म्हणतात. महादू कितीदा कीचक म्हणून मेला होता! तेव्हा त्याने खांबावरच्या त्या बुटक्याला हसून नमस्कार केला होता. आता त्याला वाटले, हसायला नको होते. भीमाने मारल्यावरसुद्धा त्याला कुणी तरी तुळईखाली बसवलाच ना!

दुसऱ्या दिवशी त्याने हे सोकोरोला सांगितले. सोकोरो माल कालवता कालवता म्हणाला, "जिंकलेल्याचो पुतळो चौकात, हरलेल्याचो तुळईखाली. आमचो धंदो दोघांवर चलता. चल, उभो रव."

महादू फोटोतल्यासारखा उभा राहिला. म्हणजे राहू बघितला. डावा हात डोक्यामागे गेला, उजवा छातीशी अडला. मान वाकवून त्याने डोळे वटारले, गाल फुगवले.

"मेल्या, पोटात कळ इल्यासारखो दिसतंस," सोकोरो म्हणाला.

"डोक्यार काय नाय तर मान कशी येतली? रिकाम्या डोक्यान भार दाखवचो म्हणजे खोटा काम."

तो तडक घरी गेला, सुशीलाची पाण्याची चुंबळ उचलून घेऊन आला, आणि रोनाल्डची बोटीवरची लोखंडी ट्रंक भरल्या सामानासकट डोक्यावर द्यायला लावली. आणि गंमत झाली. वटारलेले डोळे निवले. फुगलेले गाल बसले. मान उभी झाली, पाठीचा कणा त्याखाली येऊन बसला, डावा हात ट्रंकेच्या कडेला नुसता लागला, आणि दुखरा उजवा हात आपोआप कमरेवर विसावला. पूर्वी सडा तुडवताना तो तिथेच असायचा. नजर समोर, लांब, पुढचे गाव दिसावे तशी. सोकोरोने कोळसा उचलला आणि नव्या भिंतीवर रेघा ओढायला सुरुवात केली.

आपली चुंबळ शोधीत सुशीला तिथे आली तेव्हा भिंतीवर तिचा नवरा अर्धा उतरला होता.

"ह्यां काय चल्लाहा?" तिने कमरेवर हात ठेवले. "सोकोरोबाबा, माझ्या जित्या घोवाच्या डोक्यार दुसऱ्याचा घर घालतास? उद्या ह्यांका काय झाला तर?"

"वयनी, गॅलरी आसा ती. घर न्हय," रोनाल्ड म्हणाला.

"गॅलरी काय, घर काय! त्वांड ह्यांचा नको."

तोंड नको तर पुतळा कसला? मग महादूच म्हणाला, "सुशीला, मी देवळात कितीदा मेलंय?"

"ता येगळा. तेव्हा तुमका रंग लावलेलो असता."

"मगे सोकोरो, मिशी घाल. राक्षसाची, कानापर्यंत. भुवयो जाड कर. म्हणजे तो म्हादू नाय, तो राक्षस." सुशीलाने थोडा विचार केला. राक्षस हजारदा मेला तरी सकाळी पेज प्यायला नवरा घरी येतच होता. तिने परवानगी दिली, पण चुंबळ मात्र काढून घेतली आणि जुन्या गोणपाटाची दुसरी करून दिली. सोकोरोने आधी सळ्या वाकवून सांगाडा केला, मग जाळी, मग सिमेंट, थरावर थर. माणूस एकच होता आणि पुतळे दोन हवे होते. तेव्हा त्याने ठरवले, डावीकडचा महादू जसा आहे तसा, डावा हात वर असलेला. उजवीकडचा आरशातल्यासारखा उलटा.

असे रोज घटकाभर उभे राहताना महादूचे तोंड थोडेच बंद राहणार! "रोनाल्ड, पुढे काय झाला तेका?" काही झाले नाही म्हणून रोनाल्ड कंटाळला, आणि एक दिवस त्याला आठवले की काही तरी झाले होते. बोटीवर कधी तरी वाचलेले. हर्क्युलिस नावाचा एक महावीर ॲटलसकडे आला. त्याला देवांच्या बागेतली सोन्याची फळे हवी होती, आणि ती ॲटलसच आणू शकत होता. हर्क्युलिस म्हणाला, मी तुझे आभाळ धरतो, तू जाऊन फळे आण. ॲटलस मोकळा झाला. गेला, फळे घेऊन आला, आणि म्हणाला, आता मी काही ते परत घेत नाही, तूच धर.

"शाबास!" ट्रंकेखालून महादू ओरडला.

"आयक. हर्क्युलिस म्हणालो, बरां, धरतंय. फक्त माका खांद्यार उशी घेवची आसा. तेवढो वेळ तू धर. ॲटलसान फळां खाली ठेवल्यान, आभाळ घेतल्यान, आणि हर्क्युलिस फळां उचलून पळालो."

महादूने ट्रंक उतरवायला लावली.

"उशी न्हय," तो म्हणाला. "चुंबळ."

"चुंबळ तर चुंबळ."

"रोनाल्ड, ही गोष्ट चुकीची आसा."

"मी सांगूक नाय, ग्रीक लोकांनी सांगितली."

"तेंच्यात कोणी पेटारो व्हावक नसात. अरे, चुंबळ आधी आणि ओझा मगे! ओझा डोक्यार घेतल्यार चुंबळ मागणारो परत घेवचो नाय, ह्यां पोरगासुद्धा जाणता. आणि ज्यान जल्मभर आभाळ धरल्यान, तेका कळूक नाय?"

"फसलो. पुस्तकात इतक्याच आसा."

"पुस्तकात असात. माणसात नाय."

आता हे वेड त्याच्या डोक्यात बसले. ज्याला ओझ्याचा सगळा धर्म ठाऊक, तो असल्या पोरकट डावाला फसलाच कसा? आणि फसला नसेल, तर त्याने ते परत घेतले कशाला? सोकोरोचे मत सरळ होते: "अंगान मोठो तो डोक्यान बारीक. माझे सिंव्हय तसेच." रोनाल्ड म्हणाला, "तुका काय करूचा आसा? तू नुसतो उभो रव." पण ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय महादूला उभे राहणे जमेना. मान वाकडी होऊ लागली. त्याने ते सुशीलाला विचारले. ती भाकऱ्या थापत होती.

"तेका कळला असतला," ती म्हणाली. "सणाक माझी वयनी येता. म्हणता, तू बस गो, भाकऱ्यो मी करतंय. मी बसतंय. पण माझी नजर तव्यार. ही जाड, ही कच्ची, ही करपली. थोड्या वेळान मीच उठतंय आणि म्हणतंय, दी हय."

महादू भाकरी हातात धरून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "खावा आता, थंड जाता," ती म्हणाली.

श्रावण गेला, गणपती गेले. पुतळे उभे राहिले, त्यांच्यावर गॅलरी आली. फोटोतल्या दगडी पुरुषांच्या डोक्यावर नव्हती ती एक वस्तू सोकोरोने आपणहून घातली होती. दोघांच्याही डोक्यावर, गॅलरीच्या खाली, पीळ दिलेली गोल चुंबळ. सुशीला बघायला आली तेव्हा डावीकडच्या पुतळ्यासमोर थोडी थांबली आणि उजवीकडच्यासमोर खूप वेळ. त्याचा उजवा हात पूर्ण वर गेला होता.

नवरात्र आटोपल्यावर महादू एस. टी. पकडून कट्ट्याला गेला. भाई ओटीवर पान जमवीत बसले होते. महादूने त्यांना ॲटलसची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "भाई, हो राक्षस माका द्या. हेका तलवार लागना नाय."

भाईंनी पान तोंडात घातले. "लढाई नाय? राक्षस मरणा नाय?"

"नाय."

"नुसतो उभो?"

"उभो."

"म्हादू, लोक जत्रेक येतत ते उभो माणूस बघूक? उभे ते स्वतःच रवतत, एस. टी. साठी." भाई हसले, मग त्यांनी महादूकडे नीट पाहिले आणि हसणे आवरले. "आयक. रोनाल्डान घराच्या आशीर्वादाक खळ्यात खेळ मागितलोहा. थंय करूया. लोक शेवटपर्यंत बसले, तर कार्तिकात तुका घेतंय. पण उठान गेले तर परत माझ्याकडे जागा मागू नको. तू मागतलंस आणि माका नाय म्हणूचा लागता, ह्या वयात दोघांकय बरां नाय."

महादू म्हणाला, "चलात."

घराला पाद्रीबाबांनी सकाळी आशीर्वाद दिला, जेवणे झाली, आणि दिवेलागणीला खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेटी-मृदुंग लागले. हिंदू वाड्यांतले, ख्रिस्ती वाड्यांतले, सगळे गोणपाट आणि खुर्च्या टाकून बसले. दशावतारात संहिता नसते. रंग लावता लावता आख्यान सांगायचे, ज्याने त्याने आपले बोलणे रंगमंचावरच रचायचे. त्या दिवशी आख्यान महादूने सांगितले. सुदेश हर्क्युलिस. त्याने एवढेच विचारले, "काका, शेवटाक तुमी फसतास ना?"

"तू चुंबळ माग," महादू म्हणाला. "पुढचा पुढे."

आभाळ म्हणून कंपनीचा पेटारा घेतला, त्यावर सुशीलाचे निळे लुगडे पसरले. रिकामा पेटारा घ्या, असे सगळ्यांनी सांगितले. महादूने त्यात कपडे आणि मुकुट भरायला लावले.

तो आला आणि उभा राहिला. गॅलरीखाली ते दोघे, अंगणात हा तिसरा. लोकांना आधी मजा वाटली. "म्हादू, रोनाल्डाच्या घराक तिसरो खांब कमी पडलो काय रे?" कुणी तरी ओरडले आणि हशा झाला. महादू हलला नाही. मृदुंग थांबला. भाई कडेला खुर्चीत बसून पेटाऱ्याकडे नव्हे, लोकांकडे बघत होते. मागच्या रांगेतले दोघे बिडीसाठी उठले. त्यांच्यामागे आणखी एक उठला. महादूला ते दिसले. उभ्या माणसाला सगळे दिसते. मानेवरून घामाची धार उतरली, रंगातून वाट काढीत छातीवर आली, आणि तरी नजर तशीच, पुढचे गाव बघणारी. अंगण हळूहळू गप्प झाले. इतके की बायकांच्या रांगेतून एक म्हातारी न राहवून बोलली, "गो बाये, तेका कोण तरी पाणी तरी देवा!"

बिडीला निघालेले तिघे होते तिथेच उभे राहिले.

मग सुदेश आला, गिरक्या घेत, तलवार नाचवीत. "मी हर्क्युलिस, ग्रीस देशीचा महावीर!" टाळ्या पडल्या. बोलणे झाले, सौदा झाला, पेटारा सुदेशच्या डोक्यावर गेला. आणि महादू मोकळा झाला. मृदुंगाने चाल धरली. महादू नाचला, पण राक्षसाचे ते धरणी हादरवणारे नाचणे नव्हे. हलक्या डोक्याने माणूस कसा चालेल, तसा. अंगणाला फेरी मारली, बायकांच्या रांगेपर्यंत गेला, एका पोरीच्या हातातले केळे उचलून ‘फळ’ म्हणून मिरवले, लोक खूश झाले. पण दर चार पावलांनी त्याची मान मागे वळत होती. सुदेश पेटारा धरून उभा होता, उजवा खांदा पडलेला, निळे लुगडे एका बाजूला कलंडलेले.

महादू परत आला. ठरल्याप्रमाणे म्हणाला, "आता हे आभाळ तुझे." ठरल्याप्रमाणे सुदेश म्हणाला, "मान्य! फक्त डोक्यावर चुंबळ घेईपर्यंत क्षणभर तू धर."

महादू त्याच्याकडे बघून हसला. राक्षसाचे गडगडाटी नव्हे, घरातले हसू.

"महावीरा, चुंबळ आधी घेतात, ओझे नंतर. ओझे घेतल्यावर चुंबळ मागणारा ते परत घेत नसतो. तू मला फसवतो आहेस, हे मला कळले आहे."

सुदेश गडबडला. आख्यानात हे नव्हते. त्याने क्षणभर भाईंकडे पाहिले, पण पोरगा महादूच्याच हाताखालचा. पेटाऱ्याखालून त्याने मान सावरली आणि लोकांच्या मनातलाच प्रश्न विचारला. "कळले आहे, तर मग घेतोस कशाला? जा! तुला कोणी अडवले आहे?"

पेटीवाल्याचा हात सुरांवर थांबला. महादूलाही उत्तर तेव्हाच, बोलता बोलता सापडत होते.

"गेलो होतो ना! बाग बघितली, समुद्र बघितला. पाय मोकळे होते, पण डोके माझे नव्हते. दर चार पावलांना मागे वळून बघत होतो, हा नीट धरतो की नाही. चांदण्या सांडतील, ढग घसरतील, खाली कुणाचे तरी अंगण आहे. देवांनी हे माझ्या डोक्यावर शिक्षा म्हणून ठेवले, खरे. पण शिक्षा कधी संपली आणि काम कधी सुरू झाले, ते ना देवांना कळले ना मला. मोकळा राहून मी काय करू? माडांना आळी करू?"

पुढच्या रांगेत सुशीलाने पदर तोंडाला लावला.

"आण इकडे," महादू म्हणाला. "तुझा उजवा खांदा पडतो आहे." पेटारा डोक्यावर घ्यायच्या आधी त्याने स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली आणि सुदेशच्या हातात दिली. "ही ठेव. कधी तरी तुझ्यावरही पाळी येईल. तेव्हा आधी ही घे." आणि चुंबळीशिवाय, तसाच, त्याने भार घेतला. सुदेशने फळ उचलले. त्याने पळून जायचे होते. तो पळाला नाही. वाकला, महादूच्या पायांना हात लावला, आणि सावकाश चालत गेला.

कुणीही उठून गेले नव्हते. टाळ्या बऱ्याच वेळाने पडल्या, आणि त्याही आधी त्या म्हातारीने तांब्याभर पाणी आणून राक्षसाच्या तोंडाला लावले. आख्यानात तेही नव्हते.

पेटारा उतरवताना भाई स्वतः हात द्यायला आले. "लोकांनी घाम बघलो म्हणान बसले," ते पुटपुटले. मग म्हणाले, "कार्तिकात टेम्पो लवकर येतलो. वाट बघूक लावू नको. आणि पेटाऱ्यातले मुकुट कमी कर मेल्या, मान मोडात."

"मुकुट कमी केले तर मान खोटी दिसता, भाई."

भाईंनी पेटाऱ्याची दुसरी कड धरली.

जत्रा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी महादू आपली ट्रंक भरीत होता. रंगाचे डबे, मिशा, कमरपट्टा सगळे आत गेले, आणि मग तो उगाचच घरभर फिरू लागला. सुशीलाने विचारले, "काय सोधतास?"

"चुंबळ. ती सुदेशाक दिलंय."

"माका ठाऊक आसा. बसा हय." तिने आपल्या निळ्या लुगड्याचा काठाकडचा पट्टा आधीच फाडून ठेवला होता. पायाच्या अंगठ्यात टोक धरून ती त्याला पीळ देऊ लागली, घट्ट, गोल. मग उठून त्याच्यासमोर आली. माप बघायला हवे होते, आणि तो तर तिच्याहून दीड वीत उंच.

"मान खाली घाला," ती म्हणाली.

"कोण म्हणान?"

"घोव म्हणान," सुशीला म्हणाली, आणि महादूने ताबडतोब मान खाली घातली.